माझ्या मशीनवर तर चालतंय!

प्रॅक्टिकलच्या दिवशी हमखास ऐकू येणारं हे वाक्य. सॉफ्टवेअरचं पॅकेज स्वतः लिहायला आणि घरच्या कॉम्प्युटरवरच नीट तपासायला शिकलात, तर ते पुन्हा म्हणावं लागणार नाही. शिवाय या कामात मराठी येणाऱ्यांसाठी एक जागा राखीव आहे. तिथे सध्या फारशी गर्दी नाही.

बीसीए असो, बीएस्सी कॉम्प्युटर असो की डिप्लोमा, सीन ठरलेला असतो. एक्स्टर्नल समोर बसलेत, पेन ड्राइव्हवरून प्रोजेक्ट लॅबच्या पीसीवर टाकलाय, आणि तो रन होत नाही. मग तोंडातून निघतं, "सर, माझ्या मशीनवर तर चालतंय!" ते खोटं नसतं. घरी खरंच चालत असतं. पण गेल्या सहा महिन्यांत आपण लॅपटॉपवर कधी काय इन्स्टॉल केलं, कुठली सेटिंग बदलली, कुठली फाईल हाताने कुठे ठेवली, याची यादी आपल्याकडेही नसते. लॅबच्या पीसीला तर ती माहीत असण्याचा प्रश्नच नाही.

ही यादी नीट, कॉम्प्युटरला कळेल अशा पद्धतीने लिहून ठेवणं म्हणजे पॅकेजची व्याख्या लिहिणं. मूळ सॉफ्टवेअर कुठलं, ते बनवायला काय लागतं, चालायला काय लागतं, कुठली फाईल कुठे जाईल, व्हर्जन कितवं आणि लायसन्स कुठलं, एवढं त्यात असतं. पोस्टर बघून 'इन्स्टॉल' दाबायची सवय असलेल्या आपल्या पिढीला ही मागची बाजू फारशी दिसत नाही. लिनक्समध्ये मात्र ती उघडी असते. कुणीही वाचू शकतं, बदलू शकतं, स्वतःची लिहू शकतं.

सोयगावसारख्या तालुक्याच्या गावी याचं महत्त्व जरा जास्तच आहे. अजिंठ्याच्या डोंगराखालचं हे गाव. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर घाट चढून सिल्लोडमार्गे जावं लागतं. लॅबमधले पीसी बिघडले म्हणून पुण्याहून कुणी येणार नसतं. दिवसाला दीड-दोन जीबीचा डेटा पॅक असेल, तर प्रत्येक मशीनवर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा डाउनलोड करणं परवडत नाही. इथे एकदा लिहून, तपासून ठेवलेलं पॅकेज खरंच कामाला येतं.

पुण्यातून निघालेला फॉन्ट

या सगळ्याचा मराठीशी काय संबंध? 'लोहित' नावाचा फॉन्ट बघा. संस्कृतात लोहित म्हणजे लाल. 'रेड हॅट' या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त लायसन्सखाली खुले केले. मूळ फॉन्ट आले होते पुण्याच्या 'मॉड्युलर इन्फोटेक'कडून. डीटीपीवाल्यांना माहीत असलेलं 'श्रीलिपी' याच कंपनीचं. सुरुवातीला लोहितला जीपीएल लायसन्स होतं. २०११ मध्ये ते बदलून फॉन्टसाठीच बनवलेलं 'ओपन फॉन्ट लायसन्स' लावलं गेलं.

फॉन्ट खुला झाला म्हणजे तो तुमच्या पीसीवर आपोआप येत नाही. कुणीतरी त्याचं पॅकेज बनवावं लागतं. फेडोरामध्ये ते वेगळं बनतं, डेबियनमध्ये वेगळं. डेबियनमध्ये 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे देवनागरीचं पॅकेज आहे आणि 'फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी' हे मराठीसाठी वेगळं.

लिपी एकच, मग मराठीला वेगळं का? आपला ल आणि श आठवा. शाळेत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवला. हिंदीच्या छपाईत दोन्हींची वळणं वेगळी. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये मराठी वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला, त्यातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं धरली आहेत. युनिकोडमध्ये मात्र हिंदी ल आणि मराठी ल यांचा कोड एकच. कुठलं वळण दाखवायचं हे फॉन्टने ठरवायचं, तेही मजकुराची भाषा मराठी आहे असं त्याला सांगितलं असेल तर. ही बारीक गोष्ट चुकली, तर ज्याला मराठी येत नाही अशा प्रोग्रॅमरला ती दिसणारच नाही. त्याच्या दृष्टीने अक्षर उमटलं, म्हणजे काम झालं.

पहिली पायरी : दहा ओळींचं पॅकेज

आता हात घालू. डेबियन १९९३ पासून चालू असलेली, स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली आहे. उबुंटू तिच्यावरच उभी आहे, आणि आपल्या सी-डॅकचं 'बॉस लिनक्स'सुद्धा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तिच्या १३ व्या आवृत्तीत ६९ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'मधल्या पात्रांची नावं असतात. या तेराव्या आवृत्तीचं नाव 'ट्रिक्सी'.

सुरुवात सगळ्यात सोप्या प्रकारापासून करा. याला मेटापॅकेज म्हणतात. त्याच्यात स्वतःचं सॉफ्टवेअर काहीच नसतं, फक्त 'मला हे हे लागतं' अशी यादी असते. समजा, कॉलेजच्या लॅबसाठी 'मराठी-लॅब' असं पॅकेज करायचंय. यादीत काय घालाल? लोहितचा मराठी फॉन्ट, लिबरऑफिसचे मराठी मेनू, छापील पानाच्या फोटोवरून मराठी मजकूर ओळखणारा 'टेसरॅक्ट'चा मराठी भाग, आणि टाइप करण्यासाठी 'आयबस'. ही सगळी पॅकेजेस डेबियनमध्ये आधीच आहेत.

'इक्विव्ज' नावाचं छोटं टूल आहे. ते एक कोरी फाईल बनवून देतं. तिच्यात नाव, व्हर्जन, वर्णन आणि 'डिपेंड्स' या शब्दापुढे ही यादी भरायची. दुसरी कमांड दिली की .डेब फाईल तयार. दहा ओळींचं काम. इन्स्टॉल करताना एक लक्षात ठेवा. नुसत्या 'डीपीकेजी'ने टाकलं तर ते यादीतल्या गोष्टी आणून देत नाही, नुसती तक्रार करतं. 'एपीटी'ला फाईलचा पत्ता देऊन टाकलं तर बाकीचं ते स्वतः आणतं.

दुसरी पायरी : दुसऱ्याची रेसिपी वाचा

यानंतर लगेच नवीन पॅकेज लिहायला बसू नका. आधी चालू असलेलं उघडून बघा. 'एपीटी सोर्स' ही कमांड लोहितचं मूळ आणि त्याची पूर्ण रेसिपी तुमच्या फोल्डरमध्ये उतरवते. त्यासाठी सेटिंगमध्ये सोर्सची ओळ सुरू असावी लागते, ती बऱ्याचदा बंद असते.

आत 'डेबियन' नावाचं फोल्डर दिसेल. त्यातल्या चार फाईल महत्त्वाच्या. 'कंट्रोल'मध्ये दोन याद्या : पॅकेज बनवायला काय लागतं आणि चालायला काय लागतं. 'रूल्स'मध्ये बनवण्याची कृती. हल्ली साध्या पॅकेजला ती तीन ओळींत बसते. 'चेंजलॉग'मध्ये कुणी, कधी, काय बदललं. व्हर्जनचा आकडाही इथूनच घेतला जातो. आणि 'कॉपीराइट'मध्ये लायसन्स.

काहीतरी छोटं बदला, उदाहरणार्थ वर्णनात एक वाक्य घाला, आणि व्हर्जनच्या शेवटी '+लोकल१' जोडा. ही शेपटी फार उपयोगी आहे. '४+लोकल१' हे '४'पेक्षा नवीन मानलं जातं, पण '५'पेक्षा जुनं. म्हणजे आज तुमचं पॅकेज बसतं, आणि उद्या अधिकृत सुधारणा आली की ती तुमच्यावर मात करते. तुमचा प्रयोग कुणाच्या पीसीवर कायमचा अडकून राहत नाही.

कोऱ्या खोलीतली परीक्षा

खरा खेळ इथे सुरू होतो. 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज' चालवलं, पॅकेज बनलं, इन्स्टॉल झालं. म्हणजे पास? नाही. ते पुन्हा तुमच्याच मशीनवर झालं.

लोहितसारखा फॉन्ट बनवायला 'फॉन्टफोर्ज' लागतं. ते तुम्ही मागच्या वर्षी कधीतरी टाकलेलं असतं. कंट्रोल फाईलमध्ये त्याचं नाव लिहायचं राहिलं, तरी तुमच्याकडे पॅकेज झकास बनेल. दुसऱ्याकडे पहिल्याच मिनिटाला आपटेल. हा घोळ पकडण्यासाठी 'एसबिल्ड' किंवा 'पीबिल्डर' वापरतात. ही टूल्स तुमच्याच कॉम्प्युटरवर एक कोरी, अगदी मोजकं सामान असलेली प्रणाली उभी करतात, तुमच्या यादीत लिहिलेल्या गोष्टी तेवढ्या तिच्यात आणतात आणि तिथे पॅकेज बनवून बघतात. फेडोरावाल्यांकडे याच कामाला 'मॉक' आहे. विसरलेली प्रत्येक गोष्ट इथे उघडी पडते. यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही, जुना लॅपटॉपही चालतो.

डेबियनचा आणखी एक नियम आहे : पॅकेज बनत असताना इंटरनेटला हात लावायचा नाही. जे लागतं ते आधीच जाहीर करायचं आणि आधीच आणून ठेवायचं. हा नियम भरवशासाठी केलाय. बनवता बनवता नेटवरून काहीतरी ओढलं, तर आज काय आलं आणि उद्या काय येईल याची खात्री कोण देणार? पण याचा फायदा कमकुवत नेट असलेल्या गावाला आयता मिळतो. सामान एकदा उतरवलं, की नंतर रेंज असो-नसो, रात्रभर पॅकेज बनवत बसा. लॅबसाठी 'एपीटी-कॅचर-एनजी' हे टूल एका पीसीवर बसवलं, तर पहिल्या मशीनने डाउनलोड केलेली गोष्ट बाकीच्या मशीन त्याच्याकडूनच घेतात. डेटा एकदाच खर्च होतो.

पुढच्या तपासण्या क्रमाने करा. 'लिंटियन' पॅकेज वाचून चुका दाखवतो : वर्णन नाही, लायसन्स अपुरं, फाईल चुकीच्या जागी. एखाद्या कडक सरांसारखा, पण प्रत्येक शेऱ्याचं कारणही सांगतो. 'पियुपार्ट्स' पॅकेज टाकून, काढून, अपग्रेड करून बघतो आणि काढल्यावर मागे कचरा राहिला का तपासतो. आणि 'ऑटोपीकेजीटेस्ट' इन्स्टॉल झालेलं पॅकेज प्रत्यक्ष काम करतं का, हे तुम्ही लिहिलेल्या परीक्षेने पाहतो.

एक इशारा. पॅकेजमधल्या इन्स्टॉलच्या स्क्रिप्ट पूर्ण अधिकाराने चालतात. त्यामुळे पहिले प्रयोग कोऱ्या खोलीत किंवा व्हर्च्युअल मशीनमध्येच करा. घरात एकच लॅपटॉप असेल आणि त्याच्यावर बहिणीचे ऑनलाइन फॉर्मही भरायचे असतील, तर हे नक्की पाळा.

दर्या की दऱ्या?

ही शेवटची परीक्षा कोण लिहिणार? इथे मराठीची ती राखीव जागा येते.

मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या. अजिंठ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला फरक समजावून सांगायला नको. तसंच 'आचार्यांना' म्हणजे गुरुजींना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. दुसऱ्या जोडीतला तो आडवा, चंद्रकोरीसारखा र हिंदीला लागत नाही, मराठीला पावलोपावली लागतो. फॉन्टमध्ये त्याची सोय नसेल, तर तिथे खाली नुक्ता असलेला पायमोडका र दिसतो. शिवाय तो टाइप होतो दोन तऱ्हांनी : एक नुक्त्याच्या ऱ पासून, दुसरा साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, आत कोड वेगळे. त्यामुळे परीक्षेत दोन्ही घालावे लागतात. 'ॲप'मधलं ॲ हे अक्षर तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याचाही पत्ता नसू शकतो.

मजकुराचे कोड घेऊन फॉन्टमधली योग्य अक्षररूपं निवडण्याचं काम 'हार्फबझ' ही लायब्ररी करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस सगळीकडे तीच आहे. नाव फारसीवरून घेतलंय, अर्थ 'खुलं अक्षर'. तिच्याबरोबर येणारी छोटी कमांड फॉन्ट आणि शब्द दिला की निवडलेल्या अक्षररूपांची नावं छापते. तुमची परीक्षा एवढीच : 'दर्या' आणि 'दऱ्या' दिल्यावर उत्तरं वेगळी आली पाहिजेत. 'शाळा' आणि 'लाल' दिल्यावर, भाषा मराठी सांगितली तर मराठी वळण आलं पाहिजे. भाषा सांगायला विसरलात, तर परीक्षाच चुकीची. आठ-दहा ओळींची स्क्रिप्ट. पण ती लिहायला सी-प्लस-प्लसपेक्षा मराठी जास्त यावं लागतं.

आणि एकदा ती पॅकेजमध्ये गेली, की पुढचं प्रत्येक व्हर्जन आधी तिच्यातून जातं. पाच वर्षांनी फॉन्टमध्ये कुणी बदल केला आणि आपला र मोडला, तर तो चार जणांच्या लॅपटॉपवर पोहोचण्याआधी मशीनच ओरडेल.

भरवसा कशावर ठेवायचा?

'एवढी कटकट कशाला, तयार फाईल घ्यायची आणि टाकायची' असं वाटत असेल, तर मार्च २०२४ची गोष्ट वाचा. 'एक्सझेड' हे फाईल लहान करणारं साधं टूल जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन-तीन वर्षं त्या प्रकल्पात मनापासून काम केल्याचं दाखवलं, विश्वास मिळवला, आणि मग नवीन व्हर्जनमध्ये मागचं दार ठेवलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो खणत गेला आणि २९ मार्चला त्याने हे सगळ्या जगाला सांगितलं. तोवर ते डेबियनच्या चाचणीसाठीच्या शाखांपर्यंत पोहोचलं होतं, स्थिर आवृत्तीत गेलं नव्हतं.

आपल्या विषयाशी जोडलेल्या दोन गोष्टी यात आहेत. एक, मुख्य विषारी कोड तपासणीसाठी ठेवलेल्या नमुना फाईलींत दडवला होता, आणि तो जागा करणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्समध्ये नव्हतीच; ती फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यात होती. दोन, ती ओळ आधी बघत होती की डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचं पॅकेज बनतंय का. बनत असेल तरच ती जागी व्हायची. म्हणजे हल्लेखोराने निशाणा धरला होता पॅकेज बनवण्याच्या पायरीवर.

म्हणून डेबियनसह बऱ्याच प्रकल्पांचा 'रिप्रोड्युसिबल बिल्ड्स'वर जोर आहे. एकच रेसिपी दोन वेगळ्या ठिकाणी बनवली, तर निकाल बिट न् बिट सारखा यायला हवा. सारखा आला तर मधे कुणी हात मारलेला नाही, हे कुणीही पडताळू शकतं. सोयगावातला एक लॅपटॉपसुद्धा.

फुकट म्हणजे मुक्त नव्हे

नवीन पॅकेज अडकतं ते बहुतेक वेळा कोडमुळे नाही, लायसन्समुळे. व्हॉट्सॲपवर फिरणारा छानसा मराठी फॉन्ट फुकट मिळाला, म्हणजे तो वाटायची परवानगी मिळाली असं होत नाही. सोबत लायसन्सची फाईल आहे का, ती बदलायला आणि पुढे वाटायला मुभा देते का, हे आधी पाहा. ओपन फॉन्ट लायसन्स दोन्ही मुभा देतं, फक्त फॉन्ट नुसताच विकायला मनाई करतं. कागद नसेल तर ते पॅकेज स्वतःपुरतं ठेवा.

पुढे काय?

तुमचं पॅकेज जगाला द्यायचं असेल, तर डेबियनमध्ये आधी 'मी हे पॅकेज करतोय' अशी नोंद करावी लागते, म्हणजे दोघं एकच काम करत बसत नाहीत. मग ते 'मेंटॉर्स' या ठिकाणी ठेवायचं. अनुभवी डेव्हलपर ते तपासतो, चुका काढतो, आणि पटलं तर स्वतःच्या सहीने पुढे पाठवतो. याला स्पॉन्सर म्हणतात. पैशांशी संबंध नाही. पहिल्या खेपेला शेरे भरपूर येतात. ते वाचून दुरुस्त करणं हेच खरं शिक्षण. सगळं नावानिशी जाहीर राहतं, त्यामुळे नोकरीच्या मुलाखतीत 'काय केलंय?' या प्रश्नाला सर्टिफिकेटपेक्षा हे उत्तर वजनदार ठरतं. आणि यात तुमचं कॉलेज शहरातलं आहे की तालुक्यातलं, हे कुणी विचारत नाही.

बाहेर पाठवायचं नसलं, तरी हरकत नाही. लॅबच्या एका पीसीवर स्वतःचं छोटं पॅकेज भांडार उभं करता येतं. 'मराठी-लॅब' तिथे ठेवा. पुढच्या वर्षी नवीन मशीन आली किंवा जुनी फॉरमॅट झाली, तरी एका कमांडमध्ये लॅब मराठीसकट उभी राहते. तुम्ही पास आउट होऊन गेलात तरी यादी कॉलेजकडेच राहते.

या रविवारी एवढंच करा : दहा ओळींचं मेटापॅकेज लिहा, कोऱ्या खोलीत टाकून बघा, आणि तिथे 'दऱ्या' नीट उमटतो का ते तपासा. नाही उमटला तर 'रिपोर्टबग' वापरून कळवा. कळवणारे तुम्ही पहिलेच असण्याची शक्यता बरीच आहे.